पत्रा त्याचा, इंजिन तिचं

रुझान ताल-ब्झारला राग आला की आधी तिचे कान लाल व्हायचे. मग ती हातातला पाना खाली ठेवायची. पाना आपटला तर घाबरायचं कारण नसे, ते रोजचंच होतं. पण झोपलेल्या बाळाला खाली ठेवावं तसा हळू ठेवला, की गॅरेजच्या दारात गप्पा मारत उभी असलेली माणसं काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून जात.

ब्झार म्हणजे मिरी. तिचा पणजोबा गाढवावर पोती टाकून गावोगाव मिरी विकायचा, म्हणून घराण्याला ते नाव पडलं. आमच्या माल्टात आडनावं मोजकीच, त्यामुळे माणूस टोपणनावानंच ओळखायचा. पण रुझान मोठी होत गेली तसं गाव त्या पणजोबाला आणि त्याच्या गाढवाला विसरलं. हे नाव हिच्यावरूनच पडलं असणार, असं कालपरवा लग्न होऊन आलेल्या सुनाही सांगू लागल्या.

तिचा बाप इन्द्री बसगाड्यांची अंगं बांधायचा. तेव्हा प्रत्येक बस तिच्या ड्रायव्हरच्या मालकीची असे, आणि ज्याची बस जास्त चकाके त्याची मान ताठ. इन्द्री त्या बसना चकचकीत पट्ट्या ठोकायचा, कडेनं वेलबुट्टी काढायचा, ड्रायव्हरच्या डोक्यावर ज्याच्या त्याच्या संताची तसबीर बसवून द्यायचा. आयुष्यभर पत्रा ठोकल्यामुळे त्याला ऐकू कमी येई. त्याला दोन मुलं. थोरली रुझान हाताला लागेल ते उघडून बसायची: भिंतीवरचं घड्याळ, आईचं शिवणयंत्र, एकदा तर चर्चमधल्या पेटीचा भाता. धाकटा मेल्क्यूर पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा. इन्द्रीनं पोराच्या हातात ब्रश दिला आणि पोरीच्या हातात पाना. गाव हसलं. इन्द्रीला ते ऐकू आलं नाही.

रुझानचं लग्न व्हायचा एकदा योग आला होता. मासेमारी करणाऱ्या चांगल्या घरातला मुलगा होता. पहिल्याच भेटीत त्यानं तिला आपल्या नावेतून फिरवलं, आणि तिनं सगळा वेळ नावेच्या इंजिनाकडे कान लावून शेवटी त्याला सांगितलं की हे इंजिन तू मारायला काढलं आहेस. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन गेली आणि नीट करून आली. नाव अजून चालते आहे. लग्नाचं मात्र तिथंच राहिलं. त्याबद्दल ती कधी हळहळली असेल तर कुणाला दिसलं नाही.

पण ज्या गोष्टीनं तिचं आयुष्य पेटतं ठेवलं ती ही नव्हे. ती गोष्ट म्हणजे बापाची गाडी.

इंग्रज बेटावरून गेले तेव्हा त्यांच्यातला कुणी अधिकारी एक छोटी, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार मागे टाकून गेला. इन्द्रीला ती सापडली तेव्हा कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालत होत्या. त्यानं ती उभी केली आणि दर हिवाळ्याच्या तोंडावर कोनाड्याच्या चढावर पळवू लागला. ही आमच्याकडची चढाची शर्यत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधून जेमतेम रस्ता, एकेका गाडीनं एकटीनंच वर पळायचं आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. निम्म्या वाटेवर गडग्यात मारिया माउलीचा कोनाडा आहे आणि त्याला लागूनच अवघड वळण. तिथं शहाणी माणसं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात.

मरण्याआधी इन्द्रीनं दोघांना जवळ बोलावून वाटणी केली. पत्रा मेल्क्यूरचा, इंजिन रुझानचं, गाडी दोघांची, आणि चढावर दोघांनी पळवायची. एका गाडीवर दोन चालक, एकानं खाली आणायची की दुसऱ्यानं वर न्यायची. अशी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत, नवरा-बायको आहेत, बाप-लेक आहेत. वाटणी चोख होती. फक्त चाकं कुणाची ते सांगायचं म्हातारा विसरला, आणि त्यावरून पुढं बहीणभावांची जी भांडणं झाली ती आई जुदितानं कानात बोटं घालून ऐकली.

आता खरं काय ते सांगायला हवं. मेल्क्यूर जास्त जोरात पळवायचा.

वर्षभर गाडीच्या पोटात डोकं घालून बसायची रुझान. झडपा घासायची, रत्तीरत्तीनं वजन कमी करायची, कानाला बरं वाटेपर्यंत कार्बोरेटर जुळवायची. मेल्क्यूर शर्यतीच्या सकाळी केस विंचरून यायचा, हातमोजे चढवायचा आणि तिच्यापेक्षा कमी वेळात वर जायचा. फरक केसाएवढा, पण दरवर्षी. कोनाड्याच्या वळणावर ती पाय उचलायची, तो उचलायचा नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, तिथं काही वाटतच नाही. असं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? शर्यतीनंतर महिनाभर ती त्याच्याशी बोलत नसे.

ती दर शनिवारी पापनिवेदनाला जाई. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, मेणबत्त्या लावायची नाही, मोठ्यानं गायची नाही. पण एक शनिवार चुकवला नाही. जाळीपलीकडून म्हातारे फादर दुन लोन्झ तिची चाहूल ओळखत आणि ती गुडघे टेकते न टेकते तोच विचारत, "मेल्क्यूर?"

"मेल्क्यूर," ती म्हणे.

या वर्षी वसंतात मेल्क्यूरनं गाडीचा चेहरा बदलला. रंगकामाचं दुकान त्याचंच, तिच्या गॅरेजला लागून, मधे एक दार. एका सकाळी ते दार उघडून तिनं पाहिलं तर गाडी ओळखू येईना. बापानं पुढं कापलेली दोन मोठी भोकं, ज्यांतून रेडिएटरला हवा जायची, ती गेली होती. त्या जागी गुळगुळीत, खाली वाकलेलं, नवं नाक. नाकाला फटीएवढं तोंड आणि त्या तोंडावर बारीक सोनेरी जाळी. मागे पंख. खाली आरशासारखी मोठाली चाकं. सगळ्यावर गावातल्या दोन बँड क्लबांपैकी आमच्या निळ्या क्लबाचा रंग, कडेनं सोन्याच्या रेघा, आणि दोन्ही दारांवर गावाची संत सांता कातरिना, हातात चाक घेऊन उभी. संताचा चेहरा त्यानं इतका सुरेख काढला होता की रुझाननं आधी छातीवर क्रूस केला आणि मग तोंड सोडलं.

हे नाक आहे की पडसं झालेलं डुक्कर, असं तिनं विचारलं. हा पंख आमच्या चढावर कशाला, इथं काय विमानतळ आहे का. ही चाकं म्हणजे पळायला निघालेल्या माणसाच्या पायात लोखंडी बूट. आणि सांता कातरिनेनं तुला येऊन सांगितलं होतं का की माझ्या नावानं गाडीचं नाक बुजव?

मेल्क्यूर फडक्यानं दार पुसत राहिला. पत्रा माझा आहे, एवढंच म्हणाला. मग, तिची पाठ फिरल्यावर, आणखी एक म्हणाला: या वर्षी चढावर तो पळवणार नाही. पुढच्या वसंतात बोटीनं सिसिलीला मोठ्या प्रदर्शनात गाडी न्यायची आहे, आणि गडग्याला घासलेली गाडी तिथं कुणी बघत नाही.

ती थांबली. इतका राग आला होता तो सगळा बाजूला पडून दुसराच, त्याहून मोठा राग आला. आजवर तिला जे करायचं होतं ते एकच, त्याला एकदा मागे टाकणं. आणि हा पळणारच नाही म्हणतो. शेजारच्या गल्लीतली म्हातारी लंगडत का होईना पळणार असेल तर तिच्यापुढं जाण्यात अर्थ असतो. न पळणाऱ्याच्या पुढं जायचं कसं?

ऑगस्टात सांता कातरिनेचा फेस्ता, गावाचा उत्सव, आला. रविवारी दुपारी बँड निघतो, गच्च्यांवरून चिरलेल्या कागदांची पोतीच्या पोती रिकामी होतात, गल्ल्यांत घोट्यापर्यंत कागद साचतो, बियरचे फवारे उडतात. क्लबाच्या लोकांनी ठरवलं की यंदा बँडच्या पुढं मेल्क्यूरची निळी गाडी चालवायची. मेल्क्यूरला आभाळ ठेंगणं झालं. रुझाननं बजावलं की ही गाडी माणसाच्या चालीनं चालायला केलेली नाही, एक गल्ली जा आणि परत आण. तो हो म्हणाला. फेस्ताच्या दिवशी आमच्या गावात हो म्हणणाऱ्याचं कुणी मनावर घेत नाही.

ती त्या दुपारी गाडीच्या मागे मागे चालत होती, गर्दीच्या कडेनं. एक गल्ली झाली, दुसरी झाली. क्लबाच्या जुन्या मानकऱ्यांच्या घरापुढं बँड थांबायचा, प्रत्येक घरापुढं एक धून पुरी वाजवायची हा मान. तेवढा वेळ गाडी उन्हात फुरफुरत उभी. वरून कागदांचा पाऊस. कागद बियरनं भिजून लगदा व्हायचा आणि त्या बारीक सोनेरी जाळीवर जाऊन चिकटायचा. फटीएवढं तोंड, तेही लिंपलं गेलं. मेल्क्यूर एका हातानं चाक धरून दुसऱ्यानं गच्च्यांकडे हात हलवत होता. त्याच्यासमोरच्या तापमानाच्या काट्यावर कुणीतरी निळ्या कागदी फुलांची माळ टाकली होती.

चौकात पोचता पोचता बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. पांढरी, दाट, सांता कातरिनेच्या चेहऱ्याला वेढून वर जाणारी. लोकांना वाटलं हे मुद्दाम केलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. क्लबाचा सेक्रेटरी मेल्क्यूरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा हबीब, धुराची कल्पना छान."

मेल्क्यूरलाही क्षणभर वाटलं असावं की हे फटाक्यांचंच काहीतरी आहे. रुझान ओरडत होती, बंद कर, बंद कर, पण तिच्यापुढं तुताऱ्या होत्या आणि झांजा होत्या. कोपरं मारत, कुणाचा तरी ग्लास उलटा करत ती दारापाशी पोचली, आत हात घालून किल्ली फिरवली आणि उपटली. इंजिन बंद पडलं नाही. तापलेलं इंजिन कधी कधी किल्ली काढली तरी धडधडत राहतं, तसं ते चार आचके देऊन मग थांबलं. त्या आचक्यांचा आवाज तिला पुढं कित्येक दिवस जेवताना ऐकू येत होता.

चौघांनी ढकलत गाडी गॅरेजमध्ये आणली. दार लावून घेतलं तरी बाहेर बँड वाजतच होता.

"एक गल्ली सांगितली होती," ती म्हणाली.

"बँडच्या पुढं लावलेली गाडी मधूनच घरी वळवू? सांता कातरिनेच्या पुढून?"

"संताला मधे आणू नकोस. इंजिनाचं हेड वाकलं असणार. त्या हेडवर मी तीन हिवाळे घासलेत, मेल्क्यूर. तू त्यावर एक दुपार घासलीस, तीही हात हलवत."

"हो, चुकलो. नाक लहान झालं, चुकलं. आता मला एक सांग." तो बॉनेट उघडून उभा होता, चेहऱ्यावर वाफ, केसांत कागद. "पंखा कुठाय?"

ती फडक्यानं हात पुसू लागली.

"रेडिएटरमागं बाबांनी पंखा बसवलेला होता. तो कुठं गेला?"

पंखा फळीवर होता, जुन्या नटांच्या डब्यामागे. दोन वर्षांपूर्वी तिनंच काढला होता. पंखा फिरवायला इंजिनाची ताकद खर्ची पडते, आणि वर पळताना वारा आपोआप मिळतो.

"चढावर पंखा लागत नाही," ती म्हणाली.

"गल्लीत लागतो."

तिनं पाना खाली ठेवला. अगदी हळू. मेल्क्यूर निघून गेला.

पुढचे कित्येक आठवडे त्या घरात जुदिताच काय ती बोलत होती. दोघं तिच्याकडेच जेवत, समोरासमोर बसून. भाजलेल्या मॅकरोनीचं ताट मधे असायचं. तिला सांग मीठ दे, असं तो म्हणायचा. त्याला सांग हात लांब करायला काय झालं, असं ही म्हणायची. जुदिता मीठ उचलून द्यायची आणि इन्द्री सुटला बिचारा, असं पुटपुटायची.

रुझाननं हेड काढलं. वाकलेलंच होतं. घासून सपाट करायला पाठवलं, गॅस्केट बोटीनं मागवलं, रिंगा बदलल्या. काम करताना ती मेल्क्यूरला शिव्या द्यायची आणि मधेच थांबायची, कारण डोळा फळीकडे जायचा. नुसता गाढव असता तर बरं होतं. गाढवावर मनसोक्त रागावता येतं. पण तो बरोबर बोलला होता, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसावर रागावायला दुप्पट ताकद लागते. ती तिनं लावली.

शनिवारी दुन लोन्झनी विचारलं, "मेल्क्यूर?"

"मेल्क्यूर," ती म्हणाली. "आणि एक पंखा."

फादरनी सगळं ऐकून घेतलं. ते स्वतः सायकलवरून फिरणारे. त्यांना यातलं किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं, पंखा काढणं हे पाप वाटतं का तुला. नाही, ती म्हणाली, पंखा काढणं बरोबरच होतं. पण त्यानं ते मला म्हणायला नको होतं.

"पाच वेळा नमो मरिया म्हण," दुन लोन्झ म्हणाले, "आणि पंखा लाव."

"फादर, त्यानं वजन वाढतं."

"सहा वेळा म्हण."

तिनं पंखा लावला, पण बापाचा तो पट्ट्यावरचा नव्हे, विजेवर चालणारा हलका, बटण दाबलं तरच फिरणारा. कुणाला सांगितलं नाही. गाडी सुरू झाली त्या दिवशी ती धुवायला मेल्क्यूरनं बाहेर काढली, उभी असताना बटण पाहिलं, दाबलं. पंख्याची घरघर सुरू झाली. बाहेरून बराच वेळ ती घरघर येत होती. पाणी काही पडत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला तो आईला म्हणाला, "तिला सांग, चढावर माझंही नाव दे."

जुदितानं सांगितलं. रुझान ताटाकडे बघत म्हणाली की त्याला सांग, पंख आणि ती आरशासारखी चाकं शर्यतीपुरती निघतील. चाकं माझी आहेत, तो म्हणाला. चाकांचं काही ठरलेलं नाही, ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ते थेट एकमेकांशी बोलत होते, आणि पुन्हा त्याच जागेवरून. जुदिता उठून स्वयंपाकघरात गेली.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं आणि रस्ता कोरडा. गडग्यांवर माणसं बसलेली, कागदात गुंडाळलेले गरम पास्तिझी खात. गाडी विचित्र दिसत होती. खाली बापाची बारकी काळी चाकं, वर लग्नाला निघाल्यासारखं निळं-सोनेरी अंग. लाल क्लबाची पोरं म्हणाली, वधूनं चपला भलत्याच घातल्यात. प्रत्येकाला दोन खेपा, त्यांतली चांगली धरायची.

रुझान पहिल्यांदा गेली. घासून आणलेल्या हेडचं इंजिन मांजरासारखं वर चढलं. कोनाड्याच्या वळणावर तिनं पाय उचलला, पण दरवर्षीपेक्षा उशिरा. वेळ चांगली लागली, तिची आजवरची सगळ्यात चांगली. गाडी खाली आली, मेल्क्यूर बसला. ती सुरुवातीच्या रेघेपाशी कान देऊन उभी राहिली. या चढाचा सगळा आवाज खाली येतो, ऐकणाऱ्याला न बघता गाडी कुठं आहे ते कळतं. पहिलं वळण, दुसरं, मग सरळ तुकडा, मग कोनाडा. आणि कोनाड्यापाशी आवाज पडला.

इंजिन. काहीतरी राहिलं, काहीतरी सुटलं.

मग आवाज पुन्हा चढला. कर्ण्यावरून वेळ पुकारली गेली आणि आमच्या लोकांनी आरडाओरडा केला. मेल्क्यूर तिच्या मागे होता. जन्मात पहिल्यांदा. कुणी तिचे गाल ओढले, कुणी हातात बियर कोंबली. ती सगळ्यांना ढकलत गाड्या खाली येतात तिथं जाऊन उभी राहिली. जुदिता आपल्या घडीच्या खुर्चीवर तिथंच बसलेली होती.

मेल्क्यूर उतरला.

"काय झालं इंजिनाला?"

"काही नाही. मस्त आहे. इतकं चांगलं कधीच नव्हतं."

"मग कोनाड्यापाशी आवाज का पडला?"

त्यानं हातमोजे काढले. "भिंत जवळ येते गं तिथं."

"दरवर्षी येते."

"दरवर्षी रंग नव्हता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणापासून खोटं बोलताना तो समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा. आता तो दाराकडे बघत होता, सांता कातरिनेकडे, कुठं खडा तर उडाला नाही ना ते शोधत. म्हणजे खरंच बोलत होता. दया म्हणून हरला असता तर एक थोबाडीत देऊन मोकळी झाली असती. पण यानं तिच्यासाठी पाय उचलला नव्हता. रंगाच्या एका थरासाठी उचलला होता. इतक्या वर्षांची तिची धडपड, आणि जिंकून दिलं कुणी, तर सिसिलीच्या प्रदर्शनानं.

तिनं खिशातून गॅरेजची किल्ली काढली. दारावरच्या सांता कातरिनेसमोर छातीवर क्रूस केला, ओठ हलले, काहीतरी म्हणाली. मग संताच्या पायांच्या बरंच खाली किल्ली टेकवली आणि दारापासून मागच्या चाकापर्यंत, सावकाश, दाबून, एक रेघ ओढली.

तो आवाज ऐकून गडग्यावरची माणसं खायची थांबली. निळ्या रंगातून आधीचा राखाडी थर वर आला, आणि त्याखालून मधेमधे बापाचा पत्रा.

मेल्क्यूरचा चेहरा पांढरा पडला. "रुझान," एवढंच म्हणाला.

"आता ओरखडा आहे," ती म्हणाली. "आता भिंत वेगळं काय करणार? चालव."

"दोघंही आज घरी जेवायला येऊ नका," जुदिता खुर्चीतून म्हणाली.

मेल्क्यूरनं खाली बसून त्या रेघेवरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरले होते. तो उठला तेव्हा मात्र आवाज चढलेला होता, आणि त्याचा चढलेला आवाज गावात फारसा कुणी ऐकलेला नव्हता.

"मी जिंकलो की तू महिनाभर तोंड फिरवतेस. हरलो तर दारावर रेघ ओढतेस. मी नेमकं करू काय, ते तरी सांग एकदा."

"पाय उचलू नकोस."

त्यानं बोटावरची रंगाची भुकटी पँटला पुसली.

"मला तुझ्यापुढं जायचंय," ती म्हणाली. "तुझ्या रंगापुढं नाही."

दुसऱ्या खेपेला आधी तीच गेली. कोनाडा आला. माउलीपुढं कुणीतरी ठेवलेली पिवळी फुलं तिला दिसली, इतकी ती सावध होती, आणि तिथं, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं पाय उचलला नाही. गाडी भिंतीकडे सरकली, सरकत राहिली, आणि मग रस्त्यावर आली. ती वर पोचली. पहिल्या खेपेपेक्षाही चांगली वेळ लागली होती. मेल्क्यूरच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेच्याही ती पुढं गेली होती.

खाली येऊन तिनं गाडी त्याच्या हवाली केली. त्यानं केस मागे सारले, हेल्मेट चढवलं आणि गाडी रेघेवर नेऊन उभी केली.

ती डोळे मिटून ऐकत होती. पहिलं वळण. दुसरं. सरळ तुकड्यावर इंजिन असं गायला लागलं की तिला वाटलं, हे मी केलंय, हा आवाज माझा आहे. मग कोनाडा. आवाज पडला नाही. दगडाला काहीतरी खरवडलं, लांबवर, भांडं घासल्यासारखं, आणि तरीही पडला नाही. तसाच वर गेला, टेकडीपलीकडे, शेवटपर्यंत.

कर्ण्यावरचा माणूस आकडा वाचायच्या आधीच तिला कळलं होतं.

"काय झालं?" जुदितानं विचारलं.

"हरले," रुझान म्हणाली. "गधड्यानं पाय उचलला नाही."

शर्यत संपली की सगळ्या गाड्या ओळीनं सावकाश खाली येतात आणि लोक गडग्यांवरून टाळ्या वाजवतात, जिंकलेल्याला आणि हरलेल्याला सारख्याच. निळी गाडी दिसली. नाकाची डावी बाजू उखडलेली, सोनेरी रेघा निम्म्या गेलेल्या, आणि आत मेल्क्यूर, हात न हलवता, दोन्ही हातांनी चाक धरून. रुझान रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिचा जबडा आवळलेला होता. कुणाच्या तरी थोबाडीत द्याव्यात तशा ती टाळ्या वाजवत होती, आणि बाकीचे थांबले तरी ती थांबली नाही.